बोरीबंदरचे घड्याळ आणि आपला वेळ

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भागावर, मधल्या मोठ्या घुमटाच्या खाली, एक भव्य घड्याळ आहे. घुमटाच्या शिखरावर 'प्रगती'चा स्त्रीरूप पुतळा उभा आहे. तिच्या उजव्या हातात उंचावलेली मशाल असून डाव्या हातात आऱ्यांचे चाक आहे. घड्याळाच्या खालच्या कोनाड्यात एकेकाळी राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो हलविण्यात आला आणि तेव्हापासून तो कोनाडा रिकामाच आहे. वर प्रगती, खाली राणीची रिकामी जागा आणि या दोहोंच्या मध्ये अखंड फिरणारे काटे, अशी ही रचना आहे. राणी गेली, राज्य गेले, स्थानकाचे नाव दोनदा बदलले. घड्याळ मात्र आपले काम करीत राहिले.

जुन्या पिढीच्या तोंडी या स्थानकाचे नाव आजही 'बोरीबंदर' असेच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी याच बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. आजच्या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि ते पुरे होण्यास दहा वर्षे लागली. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे इंग्रज होते. परंतु दगडांतील पाने-फुले, मोर, माकडे आणि मुखवटे घडविण्यात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ मध्ये युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दमट हवेने आणि धुराने काळवंडलेला दगड, झिजलेले कोरीवकाम आणि रंगीत काचा यांची जाणकारांच्या देखरेखीखाली निगा राखली जाऊ लागली. आता रात्रीच्या रोषणाईत ही इमारत पाहण्यासाठी रस्त्यापलीकडे माणसे थांबतात, छायाचित्रे घेतात. त्या छायाचित्रांच्या मध्यभागी घड्याळ असते. पण त्यातली वेळ सहसा कोणी पाहत नाही.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. वारसा म्हणजे केवळ दगड नव्हे, हे मी वर्गात वारंवार सांगत असतो. आपल्या शाळेच्या या स्मरणिकेसाठी काय लिहावे असा विचार करीत असताना मला वाटले की, या घड्याळाविषयी लिहावे. ते आपल्या समाजाच्या इतिहासाशी फार जवळून बांधलेले आहे आणि हा संबंध कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत छापलेला नसतो.

सर्वांची वेळ एकच असते, असे आज आपण गृहीत धरतो. दीडशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. प्रत्येक शहराची वेळ त्याच्या डोक्यावरील सूर्यावरून ठरत असे. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, तर मद्रासची ५ तास २१ मिनिटे पुढे. गावाला या फरकाचे काही सोयरसुतक नव्हते. रेल्वेला मात्र होते. एकाच रुळावरून धावणाऱ्या गाड्यांना दोन वेळा चालत नाहीत. म्हणून रेल्वेने मद्रास वेळ स्वीकारली आणि मुंबईकर आपल्या मुंबई वेळेने जगत राहिले. गाडी पकडायची तर अर्ध्या तासाचा हिशेब मनात करावा लागे. पुढे १ जानेवारी १९०६ पासून सरकारने ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची घड्याळे त्यामुळे एकदम ३९ मिनिटे पुढे जाणार होती.

मुंबईला हे रुचले नाही. टर्मिनससमोरच महानगरपालिकेची इमारत आहे. तीही स्टीव्हन्स यांनीच उभारलेली आणि १८९३ मध्ये पूर्ण झालेली. या पालिकेने आपल्या कारभारात मुंबई वेळ पुढे कित्येक वर्षे चालू ठेवली. म्हणजे एकाच वास्तुविशारदाच्या दोन इमारती एका रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या, आणि रस्ता ओलांडला की कारभाराची वेळ ३९ मिनिटांनी बदले! वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले हसतात. मग मी त्यांना विचारतो, 'या भांडणात आपली माणसे कोणत्या बाजूला होती?' वर्ग शांत होतो. उत्तर असे आहे की, ज्यांना स्वतःची वेळच नव्हती त्यांना या भांडणात बाजूच नव्हती.

हे विधान समजण्यासाठी मुंबई सोडून खेड्यात यावे लागेल.

महार वतन ही व्यवस्था आजच्या विद्यार्थ्यांना केवळ परीक्षेतील टीप म्हणून माहीत असते. गावची वेस राखणे, सरकारी टपाल व वसुलीची रक्कम पोचविणे, गावात आलेल्या अंमलदाराच्या घोड्याची व्यवस्था पाहणे, मयताचा सांगावा परगावी नेणे, मेलेली जनावरे ओढणे या कामांची यादी पाठ करता येते. परंतु या यादीत एक गोष्ट लिहिलेली नसते. या कामांना आरंभ आणि शेवट नव्हता. दिवस नव्हता, रात्र नव्हती, सणाचा वार नव्हता. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी याच मर्मावर बोट ठेवले. वतनदार महार चोवीस तास राबण्यास बांधलेला आहे आणि तो घरी नसेल तर त्याच्या ऐवजी त्याच्या कुटुंबातील दुसऱ्या माणसाला धरून नेले जाते, हे त्यांनी सभागृहाला सांगितले. म्हणजे एका माणसाचा नव्हे, तर साऱ्या घराचा वेळ गहाण पडलेला होता. त्याच्या बदल्यात मिळे ते बलुते, आणि तेही हक्काचे असून भिकेसारखे. ते विधेयक त्या वेळी कायदा होऊ शकले नाही. कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा आला तो १९५८ मध्ये, धम्मदीक्षेनंतर दोन वर्षांनी.

अशा खेड्यात आगगाडी आली, स्टेशन आले आणि स्टेशनात घड्याळ आले. त्या घड्याळाला पाटील आणि महार यांच्यासाठी वेगळे तास दाखविता येत नव्हते. पाटलासाठी गाडी थांबेल, महारासाठी निघून जाईल, असेही सहसा होत नव्हते. आमच्या समाजातील कित्येकांनी रेल्वेचे वर्णन मुक्तीचे साधन म्हणून केले आहे, ते मुख्यतः गाव सोडून जाता आले म्हणून. पण फलाटावरची ही समानता फलाट संपला की संपत असे. १९०१ मध्ये बालवयातील बाबासाहेब आपल्या भावंडांसह वडिलांना भेटण्यासाठी निघाले आणि सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनावर सायंकाळी पाचच्या सुमारास उतरले. वडिलांना पाठविलेले पत्र त्यांच्या हाती पोचलेच नव्हते, म्हणून न्यायला कोणी आले नाही. तासभर मुले फलाटावर उभी राहिली. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरने प्रथम आपुलकीने चौकशी केली. ती महारांची मुले आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला. बाहेर बैलगाड्या होत्या, पण कोणी बसवून घेईना. अखेरीस दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, या अटीवर ती मुले निघाली. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आगगाडीने मुलांना इच्छित स्थळी आणून सोडले होते. त्यापुढचा सारा उशीर जातीचा होता.

हाच इतिहास आमच्या घरात वेगळ्या रूपाने आला. माझे आजोबा जी.आय.पी. रेल्वेत गँगमन होते. गावच्या वतनातून सुटण्यासाठी त्यांनी ती नोकरी धरली होती. काम सोपे नव्हते. पहार, घण आणि फावडे घेऊन उन्हातान्हात रूळ राखायचे, स्लीपराखाली खडी ठोकायची, पावसाळ्यात कंदील घेऊन रात्रीची गस्त घालायची. कष्टांच्या मानाने वतनातले काम याहून हलके होते, असे आजी सांगत असे. मग सोडले का, असे मी लहानपणी विचारले, तेव्हा तिने दिलेले उत्तर मला फार उशिरा कळले. ती म्हणाली, 'इथं हजेरी होती रं. हजेरी लागली की काम लागायचं, आन् पहार जमा केली की दिवस आपला.'

आजोबांना अक्षरओळख नव्हती. पण नोकरीला लागल्यावर ते मुकादमाच्या घड्याळावरून वेळ वाचायला शिकले. त्यांनी आयुष्यात प्रथम जे वाचले ते पुस्तक नव्हते, घड्याळाची तबकडी होती. पुढे पासावर ते मुंबईला आले असताना बोरीबंदरच्या बाहेर उभे राहून त्यांनी ते मोठे घड्याळ पाहिले आणि सोबतच्या माणसाला किती वाजले ते मोठ्याने सांगितले. ही गोष्ट आमच्या घरात कोणी परीक्षेत पहिला यावा तशा अभिमानाने सांगितली जात असे.

आजोबांविषयीची दुसरी गोष्ट अशी. पुतणीच्या लग्नासाठी ते रजा घेऊन गावी गेले होते. मांडव पडला होता, तोच चावडीवरून निरोप आला की तालुक्याला टपाल न्यायचे आहे. त्यांचे भाऊ हळदीच्या गडबडीत होते. निरोप्याने आजोबांकडे पाहून म्हटले, 'मग तू चल.' आजोबा म्हणाले, 'मी रजेवर आलोय.' निरोप्याला हा शब्दच कळला नाही. त्याने पुन्हा विचारले, आजोबांनी पुन्हा तेच सांगितले. त्या संध्याकाळी टपाल गेले नाही. त्या वर्षी सुगीला काही घरांनी भावाच्या वाट्याचे बलुते दिले नाही. भावाने याबद्दल आजोबांना बोल लावला नाही. उलट पुढल्या वर्षी आपल्या थोरल्या मुलाला त्यांच्याकडे पाठवून दिले. 'रजा' हा शब्द महारवाड्यात असा आला. ज्याच्या कामाला वेळ असते त्यालाच रजा असते.

परंतु इतिहासाच्या शिक्षकाने घड्याळाला मुक्तिदाता ठरवून थांबणे योग्य नाही. हेच घड्याळ मालकाच्या हातीही होते. मुंबईतील गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि कामगाराला घड्याळाचा उपयोग असेलच तर उशिराचा दंड भरण्यापुरता. बोरीबंदरची इमारत अर्धीमुर्धी उभी होती तेव्हा, १८८४ मध्ये, महात्मा जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या. रविवारची सुटी हवी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती हवी, सकाळी साडेसहाच्या आधी आणि सूर्यास्तानंतर काम नको. या मागण्या वाचताना लक्षात येते की त्यांतील मोठा भाग वेळेविषयी आहे. १८९० मध्ये रविवारची सुटी मान्य झाली. आज रविवारी सुटी घेणाऱ्या प्रत्येकाने एका सत्यशोधकाचे ऋण मानले पाहिजे.

बाबासाहेबांनी ही लढाई पुढे नेली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील जातिभेदावरही बोट ठेवले. अस्पृश्य कामगार बहुतांशी गँगमनच राहतो. त्याला पोर्टर म्हणून घेत नाहीत, कारण पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरची कामे करायची असतात आणि तेथे विटाळ आड येतो. हे वाचताना मला आजोबांची आठवण होते. हजेरी आणि रजा मिळाली, पण पायरी तीच राहिली होती. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखाना कायद्यात दुरुस्ती घडवून आणली आणि बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ज्या समाजाचे चोवीस तास गावाच्या मालकीचे होते, त्या समाजात जन्मलेल्या माणसाने देशातील सर्व जातिधर्मांच्या कामगारांसाठी तासांची मर्यादा आखली. माझ्या मते या घटनेचे मोल आपण अजून पुरते ओळखलेले नाही.

आपण धम्माच्या मार्गावर आलो आहोत, म्हणून आणखी एक गोष्ट येथे सांगणे अगत्याचे वाटते. विनयात उपाली न्हाव्याची कथा आहे. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घेण्यासाठी तथागतांकडे आले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचा न्हावी उपालीही होता. आमचा कुलाभिमान गळून पडावा म्हणून उपालीला आमच्या आधी दीक्षा द्या, अशी विनंती त्या राजपुत्रांनी केली. भिक्खू संघात ज्येष्ठता ठरते ती दीक्षेच्या काळावरून. म्हणून उपाली त्यांचा ज्येष्ठ झाला आणि राजपुत्रांनी त्याला वंदन केले. हा काळ अचूक नोंदला जावा यासाठी उपसंपदा होताच सावली मोजावी, ऋतू आणि दिवसाचा भाग सांगावा, असा नियमही विनयात आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी, घड्याळ नसताना, जन्माच्या जागी काळ हे ज्येष्ठतेचे माप म्हणून बसविले गेले. सावलीला गोत्र नसते. बोरीबंदरच्या घड्याळाची आणि या सावलीची जातकुळी मला एकच वाटते.

गेल्या वर्षी आम्ही नववीच्या मुलामुलींना शैक्षणिक सहलीसाठी मुंबईला नेले होते. चैत्यभूमीवर वंदना झाली आणि संध्याकाळी टर्मिनससमोर आलो. मी त्यांना घुमट, पुतळा, रिकामा कोनाडा दाखवीत होतो. आपल्या वसतिगृहातील बरीच मुले ऊसतोड कामगारांची आहेत, हे वाचकांना ठाऊक आहेच. दिवाळीच्या सुमारास आईवडील उचल घेऊन कोयत्यावर जातात आणि मुले येथे राहतात. त्यांपैकी एक मुलगी बराच वेळ घड्याळाकडे पाहत होती. ती म्हणाली, 'सर, हे रात्री पण दिसतं का?' मी म्हटले, 'दिसतं. रोषणाई असते.' ती म्हणाली, 'आमच्या आईला रात्री कळतच नाही किती वाजले. ट्रक आला की उठायचं आणि मोळ्या भरायच्या.'

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती फक्त माहिती सांगत होती. मला मात्र १९२८ सालचे कौन्सिलातील ते शब्द आठवले. फडावर ट्रक केव्हाही येतो, मध्यरात्रीही येतो, आणि तो आला की नवरा-बायको दोघांनाही उठावे लागते. तेथे दोघांचा मिळून एक 'कोयता' धरला जातो. हजेरी आहे ती उसाच्या वजनाची, तासांची नाही. पहार जमा केली की दिवस आपला, असे म्हणण्याची सोय तेथे नाही. म्हणजे वतन कायद्याने संपले, पण ज्यांच्या वेळेला शेवट नाही अशी माणसे संपलेली नाहीत. ती फडावर आहेत, वीटभट्टीवर आहेत आणि शहरांत कंत्राटी सफाईच्या कामावरही आहेत. त्यांत आपली माणसे किती आहेत हे मोजायला दूर जावे लागत नाही.

ऐतिहासिक वास्तूंचे जतन झालेच पाहिजे. दगड घासून स्वच्छ करावेत, कमानी सावराव्यात, घड्याळाचे काटे बिनचूक चालत ठेवावेत. हे सारे करणाऱ्या कारागिरांचा मला आदर वाटतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, एखाद्या वास्तूचा जीर्णोद्धार तिच्या भिंतींपाशी संपत नाही. या घड्याळाने गिरणीकामगाराला, गँगमनला आणि गाव सोडून आलेल्या हजारोंना जी आशा दाखविली, ती आशाही या वारशाचा भाग आहे. कामाला आरंभ असावा तसा शेवटही असावा आणि उरलेला वेळ माणसाचा स्वतःचा असावा, ही ती आशा. तिचे जतन करणे हे पुरातत्त्व खात्याचे काम नव्हे, ते आपले काम आहे.

आपल्या शाळेत पहाटे पाचला घंटा होते. थंडीच्या दिवसांत मुले कुरकुर करतात. वंदना, व्यायाम, न्याहारी, वर्ग, अभ्यासिका, खेळ अशा प्रत्येक गोष्टीला वेळ ठरलेला आहे आणि रात्री साडेनऊला दिवे मालवले जातात. विद्यार्थी मित्रहो, या वेळापत्रकाकडे तुम्ही शिस्तीचा जाच म्हणून पाहू नका. त्यात संध्याकाळी पाच ते सहा हा एक तास असा आहे, ज्यात तुम्हाला कोणी हाक मारत नाही. तो तास पूर्णपणे तुमचा आहे. खेळा, वाचा, झाडाखाली नुसते बसा. तुमच्या कित्येक पिढ्यांना असा एक तास मिळाला नव्हता आणि तुमच्या आईवडिलांना तो आजही मिळत नाही. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला, तो अप्रमादाचा होता. अप्रमाद म्हणजे केवळ लवकर उठणे नव्हे. हाती आलेला वेळ आपला आहे याचे भान ठेवणे, आणि दुसऱ्याचा वेळ हिरावला जात असेल तर तिकडे डोळेझाक न करणे, हाही अप्रमादच होय.

तुमच्यापैकी कोणी उद्या कायदा शिकेल, कोणी अधिकारी होईल, कोणी संघटना बांधील. त्या वेळी फडावरच्या रात्रीला कायद्याने तास नेमून देण्याचे काम तुमच्या पुढ्यात असेल. लोखंडे आणि बाबासाहेब यांनी ते जेथवर आणून ठेवले आहे, तेथून ते तुम्ही उचलावे, एवढीच एका शिक्षकाची अपेक्षा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!